राजूर घाटात बसलेली जीप

मोरबी, ४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबास गोकुळचा शि. सा. नमस्कार.

पुन्हा तेच काऊन लिहिता बाबा? गाडीचा दम मी नाही काढला. गिअरवरून भांडून मी घर सोडलं तेव्हा आपली जीप सवाऱ्या भरून बुलढाण्याले चढत होती. राजूर घाटात बसली ती यंदा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहून राह्यलो. किसनराव भंगारवाल्याले गाडी देऊ नका. ती गेली तं मोताळ्यात येऊन मी चालवू काय, तुमचा चष्मा?

दम एकदम गेला असता तं काही तुटलं म्हणलो असतो. सालोसाल थोडा थोडा गेला, वरून काळा धूर. म्हणजे तिले हवा पुरत नाही. इथं टाइलच्या कारखान्यात भट्टीच्या पंख्याची जाळी चोंदली की भट्टीही अशीच करते. एअर फिल्टरचा डबा उघडा. स्वतः उघडा, उद्धव मिस्त्रीच्या भरवशावर राहू नका.

आईले नमस्कार, अश्विनीले डोक्यात एक टप्पल. रागासंगं मायाही राहू द्या.

तुमचा गोकुळ

मोताळा, १३ नोव्हेंबर

ती. गोकुळदादास सा. न.

बाबांचे हात काळे आहेत, म्हणून मी लिहिते. डब्यात आईचं लुगडं निघालं! पट्ट्या, एकावर एक. बैल विकल्यापासून आई पोळ्याले जीपचीच पूजा करते ना? पूजा झाली की नाकात धूळ जाऊ नये म्हणून फिल्टरले पट्टी गुंडाळायची. पोळ्याचं बांधलेलं सोडू नाही म्हणे, म्हणून जुनीवरच नवी. उद्धव मिस्त्रीनं झाकण उघडलं होतं. पण कुंकू पाहून नवस समजला अन् हात जोडून परत लावून दिलं!

पट्ट्या काढून, फिल्टर झटकून बाबा घाटात गेले. सवाऱ्या सवयीनं उतरायले लागल्या, तं बाबांनी उतरूच दिलं नाही, भरली गाडी वर चढवली. किसनरावले गाडी देत नाही म्हणून सांगितलं. आई मात्र रुसली आहे. एवढ्या वर्षांत धूळ गेली का आत, म्हणते. बाबा तुले ये म्हणाले. पण स्टिअरिंग भेटणार नाही, कंडक्टरकी करावी लागेल.

टप्पल पोचली. लोभ तेवढा टप्पलेहून जास्त असू दे.

अश्विनी

मोरबी, २२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबास शि. सा. नमस्कार.

कंडक्टर तं कंडक्टर. संक्रांतीले येतो. घाटात तुम्ही कोणताही गिअर टाका, मी तोंड उघडणार नाही. अर्ध्या घाटापर्यंत तं नाहीच.

आईले सांगा, तिचं बरोबर आहे, धूळ खरंच गेली नाही. हवाही गेली नाही, हे सांगू नका. पुढच्या पोळ्याले पट्टी आरशाले बांध म्हणा.

तुमच्या मायेतला, गोकुळ

ता. क. झटकून भागवू नका, फिल्टर नवा घ्या. अन् आईले लुगडं, अख्खं. दोन्हीचे मिळून पाठवून राह्यलो, रुपये एकोणीसशे.