आधीची पावती

जेल रोड, नाशिक रोड
मंगळवार

प्रिय निलोफर,

हे पत्र तुझ्या घरी न देता शाळेच्या ऑफिसात ठेवतेय. घरी दिलं असतं तर आधी अब्बूंच्या हातात पडलं असतं. फोन करता आला असता, पण फोनवर मी दोन वाक्यांत विषय बदलते हे तुलाही कळलं असेल. गेले तीन आठवडे तेच चाललंय. तू विचारतेस गाडी कशी चालते, मी म्हणते छान, आणि लगेच तुझ्या सहावीच्या पोरांची चौकशी करते.

गाडी खरंच छान चालते. सुरू केली तरी आवाज येत नाही, सुरुवातीला बॅटरीवरच निघते. आईला अजून ती बंदच आहे असं वाटतं. परवा मी निघाले तर ती दार उघडून उतरायला लागली, म्हणाली, ‘थांब, धक्का मारायला पप्पांना बोलावते.’ पप्पा रोज सकाळी आंघोळीआधी गाडी पुसतात. मी ती घेऊन सातपूरला जाते, लॅबच्या मागं लावते, दिवसभर कारखान्यांच्या धुराड्यांवर चढून धूर मोजते आणि परत येते. दिवसभर दुसऱ्यांचा धूर मोजायचा आणि संध्याकाळी आपणच धूर सोडत घरी यायचं, हे मला पटत नव्हतं. म्हणून हायब्रीडचा हट्ट धरला होता. आता ते सगळं मनासारखं झालंय आणि मला काहीच वाटत नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपल्याला परका लागतो ना, तसं. चावलं तरी कळत नाही.

जानेवारीतला तो शनिवार आठवतो? तू आणि अब्बू, मी आणि पप्पा. बीएस्सीला असताना आपण सीबीएसवरून एका बसनं जायचो, आता एका दिवशी दोन गाड्या बुक करणार म्हणून तू रस्ताभर हसत होतीस. शोरूममधल्या सोमनाथनं माझ्याकडं न बघता पप्पांना विचारलं, ‘सर, फायनल तुम्ही करणार की मॅडमचे मिस्टर येणार?’ पप्पा म्हणाले, ‘पैसे ती भरणार, सही ती करणार. मी नुसता चहा प्यायला आलोय, तो अजून आला नाही.’ मग तो गाडी समजावून सांगायला लागला आणि म्हणाला, रात्री घरी चार्जिंगला लावायची. मी म्हटलं, अहो, ही चार्जिंगला लावायची गाडी नाही, चालता चालता हिची बॅटरी भरते. त्यावर तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. अब्बू म्हणाले, ‘सोमनाथभाऊ, उद्यापासून तुमच्या खुर्चीत या पोरीलाच बसवा.’ फॉर्म तू भराभर भरलास. तुमची पावती एक्केचाळीस नंबरची, माझी बेचाळीस. गाडी तीच, रंग तोच पांढरा. तू पावती नाचवत म्हणालीस, ‘आमच्या मागं उभं राहायचं, ढकलाढकली करायची नाही.’

आठ आठवडे सांगितले होते. पुढचं तुला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण माझ्या डोक्यात ते सगळं एकाच लांब दुपारसारखं झालंय. मार्चमध्ये माल प्लांटमधूनच निघत नव्हता. एप्रिलमध्ये ट्रेलर निघाला होता, तो बहुतेक अजून वाटेतच आहे. मेमध्ये पांढरी नाही, राखाडी घ्या. जूनमध्ये मॅनेजर स्वतः बोलले, ‘मॅडम, हायब्रीडचं खूळ सोडा, पेट्रोलची उद्या देतो.’ मग हळूच म्हणाले, आमच्याकडचं अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज घेतलं की फाईल जरा पुढं सरकते. मी म्हटलं, हे लेखी द्या. ते हसले. अब्बूंनीही पॅकेज घेतलं नाही, पण त्यांचं कारण वेगळं होतं. ‘तीस वर्षं द्वारका चौकात लोकांच्या गाड्यांना कव्हरं शिवतोय, आणि स्वतःच्या गाडीला रेडीमेड घालू? लोक काय म्हणतील, शाहनवाजचा हात गेला?’

जुलैत ते शिवत होते तेव्हा आपण दोघी दुकानात बसलो होतो. बदामी रंग, कडेनं लाल दुहेरी शिलाई. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला त्यांनी एक छोटा खिसा ठेवला, अम्मींच्या चष्म्यासाठी. अम्मी म्हणाल्या, एवढ्याशा खिशात काय मावणार. अब्बूंनी त्यांच्या नाकावरचाच चष्मा काढून आत घालून दाखवला आणि मग दहा मिनिटं परत दिला नाही. धाकट्या रुखसारच्या लग्नाची तारीख तोवर ठरली होती. नवरामुलगा रेल्वेत, घरी गाडी नाही. अब्बू म्हणाले, ‘मनमाडपर्यंत मी स्वतः सोडणार, माझ्या गाडीतून. पहिल्या हाताच्या.’ आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या नाहीतर दुसऱ्या हाताच्या गाड्या चालवल्या, हे ते बोलले नाहीत, पण दोघींनाही कळलं. कव्हरं तयार झाल्यावर ते ती शोरूमवर ठेवून आले. सोमनाथनंच सांगितलं होतं, गाडी आली की आमचा फिटर चढवेल, तुम्हाला खेप नको.

सप्टेंबरात माझा धीर सुटला. आमच्या घरची रीत तुला माहीत आहे. नोटांच्या प्रेसमध्ये असताना पप्पांना सुट्टी नाकारली तरी ते अर्ज करायचे. अक्षरओळख जेमतेम, पण अर्ज करायचे. मला लहानपणापासून सांगत आले, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लेखी दे. घरात पहिली पदवी माझी, तर तक्रारही तशीच हवी असं मला वाटलं. मी कंपनीच्या मुख्य ऑफिसला तीन पानांची मेल लिहिली. सगळ्या तारखा, कुणी काय सांगितलं ते सगळं, आणि शेवटी मागणी: बुकिंगची यादी क्रमानं जाहीर करा. त्यात तुमचाही नंबर घालावा म्हणून मी अब्बूंना विचारलं. ते म्हणाले, ‘बेटा, माझं नाव नको टाकू. लग्नाचं घर आहे, कुणाशी वाकडं नको.’ मी वरवर ठीक आहे म्हटलं, पण नंतर तुझ्याकडं कुरकुर केली, असं गप्प बसतात म्हणूनच लोकांचं फावतं. तू काही बोलली नाहीस. त्यानंतर कितीतरी वेळा मला तुझं ते न बोलणं आठवलंय.

चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला, मॅडम, तुमची गाडी लागली. मला वाटलं, बघा, नियमानं मागितलं की मिळतं. त्या दिवशी लॅबमध्ये मी सगळ्यांना पेढे वाटले, आणि पेढ्याबरोबर उपदेशही.

डिलिव्हरीला आई नवी साडी नेसून आली होती. गाडीवर लाल कापड. पुठ्ठ्याची हातभर चावी. शोरूमची मुलगी नारळ आणि कुंकू घेऊन आली तेव्हा पप्पांनी हात जोडून सांगितलं, ‘आमच्यात नारळ फोडत नाहीत, ताई.’ मग पुढं काय करायचं ते कुणालाच सुचेना, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कापड ओढलं. मी दार उघडलं. आत बदामी कव्हरं होती. लाल दुहेरी शिलाई. मी मागचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर हात फिरवला. खिसा होता. मी त्यात दोन बोटं घातली, आणि ती तशीच ठेवून उभी राहिले.

सोमनाथ माझ्याकडं बघत होता, मग खाली बघायला लागला. मी हळू आवाजात विचारलं, ही गाडी कुणाची? तो म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या मेलनं वरून फोन आले. साहेब म्हणाले, आधी हिची काढा. एक गाडी आली होती, दुसऱ्या पार्टीची, पण ती पार्टी थांबणारी आहे. ओरडणारी नाही.’ कुठली पार्टी, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, पण विचारायला हवं होतं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. अजून पासिंग झालं नव्हतं, सही बाकी होती. तेवढ्यात पप्पांनी हाक मारली, ‘साक्षी, चावी धर, फोटो काढतायत.’ मी चावी धरली. मग टेबलाशी जाऊन सही केली. तो फोटो तू पाहिलास, त्यावर बदाम टाकलास आणि विचारलंस, तुझी कशी गं आली आधी? मी लिहिलं, नशीब.

तीन पानं लिहिणाऱ्या मुलीनं तुला एका शब्दात उत्तर दिलं, आणि तेही खोटं.

त्या रविवारी सोमनाथ घरी आला. फिटरनं न विचारता कव्हरं चढवून टाकली होती, ती परत हवी होती. म्हणाला, शाहनवाजभाई एक दिवसाआड येऊन विचारतात, कव्हरं नीट ठेवलीत ना, पावसाची ओल नाही ना लागली. त्याचं अर्धं लक्ष दाराकडं होतं. नोकरी जाईल म्हणत होता. मी त्याला पाणी दिलं आणि आता नको, असं सांगून पाठवलं. परत का दिली नाहीत, मला माहीत नाही. तुला फोन का केला नाही, तेही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी कव्हरं काढली, घडी करून कपाटात ठेवली. आईनं विचारलं तर म्हटलं, उन्हाळ्यात घालू. पुढच्या आठवड्यात मी आरटीओत चौकशी करून आले. आता गाडी अब्बूंच्या नावावर केली तर कागदावर ते दुसरे मालक होतात. शोरूम गाडी परत घेत नाही. म्हणजे मी ती त्यांना दिली तरी त्यांना हवी होती ती गाडी मला देताच येणार नाही. हे मी खिडकीवरच्या क्लार्कला दोनदा विचारून घेतलं. तो म्हणाला, ‘मॅडम, एकदा झालं ते झालं.’

काल अब्बूंचा फोन आला. आधी पप्पांची तब्येत विचारली, आईचे गुडघे विचारले, माझं जेवण झालं का विचारलं. मग थांबून म्हणाले, ‘बेटा, आमची काही लग्नाआधी येत नाही असं दिसतंय. तुझी देशील का एका दिवसासाठी? रुखसारला मनमाडला सोडून येतो. पेट्रोल मी टाकीन, धुऊन परत देईन.’ निलोफर, त्यांचा आवाज अवघडला होता. स्वतःचीच गाडी ते माझ्याकडं उसनी मागत होते, आणि वर संकोच त्यांनाच वाटत होता. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, अब्बू. ते म्हणाले, अल्लाह तुझं भलं करो. फोन ठेवल्यावर मी कव्हरं पिशवीत भरली आणि सोमनाथला फोन लावला. त्यानं ती नेली असती, गाडी उघड्या सीटनिशी तुमच्या दारात उभी राहिली असती, अब्बू मनमाडला जाऊन आले असते, आणि कुणाला कधीच काही कळलं नसतं. त्यानं फोन उचलला. ‘बोला मॅडम’ म्हणाला. मी फोन कापला आणि हे लिहायला बसले. सोबत दुसरा एक कागद आहे. शोरूम आणि मुख्य ऑफिस, दोघांना लिहिलेलं: एक्केचाळीस नंबरची गाडी बेचाळीसला दिली गेली, हे मला सही करायच्या आधी कळलं होतं, तरी मी सही केली. तो मी अजून पाठवलेला नाही, कारण त्यात अब्बूंचं नाव आहे आणि त्यांनी नको म्हटलं होतं. या वेळी आधी विचारतेय. त्यांना काय सांगायचं आणि लग्नाच्या आधी की नंतर, ते तू ठरव, मी ठरवणार नाही. रविवारी लग्नाला गाडी हवी असेल तर शनिवारी आणून लावते. नको असेल तर तसं कळव, मी मनमाडसाठी दुसरी गाडी ठरवून देते. आणि मी लग्नाला यावं की नाही, तेही कळव. गप्प राहिलीस तर मी नाही असं समजेन.

तुझीच,
साक्षी