आमच्या कॉम्प्युटरमधला मानपान

चेर्पुळश्शेरी,
कर्किडकमचा शेवटचा आठवडा

चि. सुधीश यास अप्पुक्कुट्टन अम्मावनचा आशीर्वाद, आणि देवयानी अम्मायीचा त्याहून थोडा जास्त.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण बंगळुरात आजारी पडायला कुणाला वेळ मिळतो असं ऐकलेलं नाही. तुझी आई, म्हणजे माझी बहीण सरोजिनी, ठीक आहे. गुडघा दुखतो, पण देवळाची प्रदक्षिणा सोडत नाही. मी कसा म्हणशील, तर साऱ्या तालुक्याला लग्नाची जेवणं घालणारा हा माणूस सध्या स्वतःच्या घरी सकाळ-संध्याकाळ औषधी पेज पितो आहे. (कर्किडक महिन्यात तिनं शरीर शुद्ध होतं म्हणतात. माझं आता शुद्ध होता होता दिसेनासं व्हायच्या बेताला आलंय.) तुझे वडील, आमचे भास्करेट्टन, उत्तम. तू बँकेची नोकरी सोडून लिनक्सवाल्या मंडळींत गेलास तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. हे पत्र त्याबद्दलच आहे, पण आधी कॉम्प्युटरचं सांगतो.

जाण्याआधी तू माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर ते फुकट मिळणारं लिनक्स घालून दिलंस, ते इतके दिवस तक्रार न करता चाललं. माझ्या जेवणावळींच्या याद्या, नारळ किती, केळीची पानं किती, सगळं त्यात मल्याळममध्ये. मग मी नवा प्रिंटर घेतला, आणि कुठल्याशा साइटवरून तो चालवायच्या प्रोग्रामचं पॅकेज उतरवून घेतलं. ते फार जुन्या लिनक्ससाठी होतं म्हणे. पण अंगावरचा छाप वाचून वय ओळखायची सवय मला तांदळाच्या पोत्यापुरतीच. ते अर्धं आत गेलं आणि दारातच अडून बसलं. त्यानंतर दुसरं काहीही घालायला जावं तर उत्तर एकच, आधी याचं मिटवा. याला अमुक पॅकेज हवं, अमुकाला तमुक हवं, तेही जुनंच हवं, आणि जुनं आलं तर घरातलं नवं उठून जाणार. आता मला सांग, मी उभा जन्म लग्नघरांत काढलेला माणूस, मला हे काय नवीन? मधल्या काकांना स्वतः जाऊन बोलावलं नाही म्हणून ते पानावर बसत नाहीत, ते बसत नाहीत म्हणून आत्या बसत नाही, आणि तिकडे सांबार निवतं. हा सगळा मानपानाचा मामला आहे, हे मी तिथंच ओळखलं. आणि लग्नघरात अशा वेळी मी जे करतो तेच केलं. जो फार अडून बसलाय त्याच्या शेजारच्यांना उठवायचं, म्हणजे तो आपोआप उठतो.

मी शेजारच्यांना उठवायला लागलो. तुझ्या लिनक्सनं मला थांबवायचा प्रयत्न केला, हे कबूल करायला हवं. ते म्हणालं, तुम्ही करताय ते फार घातक आहे. तरी करायचंच असेल तर ‘होय, मी सांगतो तसंच कर’ असं अख्खं वाक्य लिहा. सुधीश बाळा, इतकी वर्षं मी स्वयंपाकघरात ओरडतोय, पण मी सांगतो तसंच करायची तयारी आजवर ना आचाऱ्यानं दाखवली, ना तुझ्या अम्मायीनं. मी मोठ्या आनंदानं ते वाक्य लिहिलं. त्यानं खरोखरच मी सांगितलं तसं केलं. पडदा काळा झाला, आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

ही बातमी तुझ्या वडिलांना कुणी दिली ते मी विचारलं नाही. (तुझी अम्मायी त्या दिवशी तुमच्याकडे ताक आणायला गेली होती.) भास्करेट्टन छत्री घेऊन हजर. पडद्याकडे असे बघत राहिले, जसं काही आयुष्यभराच्या म्हणण्याला पावती मिळाली.

“बघितलंस मेहुण्या? फुकट काम करणाऱ्यानं फुकट दिलेली वस्तू. ओणमच्या आत हे चालू झालं नाही, तर बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला आणून सगळं पुसून टाकतो आणि धड सिस्टीम घालून देतो. मग कळव तुझ्या भाच्याला, त्याचं काय झालं ते.”

म्हणजे पुसलं जाणार होतं ते काही नुसतं लिनक्स नव्हे. मी पेजेचा एक घोट घेतला आणि विचारलं, “तो दुरुस्तीवाला विकतची घालतो, की कुठून उचललेली?”

“सगळेच तशीच घालतात.”

“म्हणजे आकडा टाकून.”

वीज मंडळात असताना भास्करेट्टननी आकडा टाकला म्हणून सख्ख्या चुलत्याची तार कापली होती. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “फॉल्ट शोधताना गाव अंधारात ठेवून तारा ओढत सुटायचं नसतं, गाढवा. काय लिहिलंय वाच.”

मी माझा फोन पुढे केला. त्यावर एक मल्याळम पान मी आधीच शोधून ठेवलं होतं. कासरगोडच्या कुणा निवृत्त टीचरचा हाच प्रिंटर असाच अडून बसलेला, आणि एकजण तिला पायरीपायरीनं सांगतोय. आधी अर्धवट शिरलेलं काढा, मग मोडलेलं सांधा, मग गेलेलं परत आणा. टीचर चुकीचं लिहिते, मग त्याच्यावरच रागावते, मग पहिलाच प्रश्न पुन्हा विचारते. आणि तो दर वेळी म्हणतो, हरकत नाही टीचर, परत बघू. भास्करेट्टन मोठ्यानं वाचत होते, मी एका हातानं फोन धरून दुसऱ्यानं लिहीत होतो. “ही बाई फार डोकं खाते,” ते मध्येच म्हणाले. “पण हा सांगणारा पक्का आहे. एक शब्द जास्त नाही.” थोड्या वेळानं पडद्यावर रंग आले, माझ्या याद्या आल्या, नारळसुद्धा आले. तेव्हा त्यांनी फोन स्वतःकडे घेऊन पान खालपर्यंत सरकवलं. (तोवर त्या जागेवर माझा अंगठा होता.)

खाली सांगणाऱ्याचं नाव होतं, सुधीश भास्करन.

बाळा, आपल्याकडे मुलगा आपल्या नावामागे बापाचं नाव लावतो, यात विशेष काही नाही. पण ज्या माणसानं तुझं नाव टाकलं, त्याचं नाव तू प्रत्येक फुकट उत्तराखाली लिहीत होतास. त्यांनी चष्मा काढला, कमरेच्या मुंडूच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि ते पान पहिल्यापासून वाचलं.

“माझ्याशी बोलताना याचा एवढा धीर कुठे जातो?”

“तुम्ही त्याला कधी टीचरसारखं दुसऱ्यांदा विचारलंत?”

यावर ते छत्री विसरून घरी गेले.

मोठ्यांना नमस्कार सांगावा, असं कुणी तिथं असेल तर सांग.

तुझा,
अप्पुक्कुट्टन अम्मावन

ता. क. – बाकी सगळं चालू झालं, पण प्रिंटर अजून छापत नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. ओणमच्या आधी चार दिवस काढून ये. ओणमच्या जेवणाचा मक्ता माझ्याकडेच आहे, आणि तेव्हा पेज बंद असेल.

आणखी एक – वरचं ता. क. छत्री न्यायला परत आलेल्या भास्करेट्टननी पाठीमागे उभं राहून लिहायला लावलं. आता ते हात धुवायला गेलेत म्हणून घाईनं लिहितो. प्रिंटर कालपासून झकास छापतोय. त्याची केबल आत्ता त्यांनी स्वतः काढून शर्टाच्या खिशात ठेवली आहे. तू आलास की फॉल्ट लगेच सापडू देऊ नकोस.