मागच्या चाकाच्या खाचा

४ जानेवारी
व्यायामाच्या बाई जाताना दारात थांबल्या. "डाव्या पायाची आता फार आशा धरू नका." हळूच म्हणाल्या, पण अर्धांगाच्या झटक्याने ह्यांचा पाय गेला, कान शाबूत आहेत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

७ जानेवारी
लेकीने व्यायामाची सायकल आणली. ह्यांनी ढुंकून पाहिले नाही. "ही कुठं जाणार?" एवढेच — शब्द अजून तोंडात लोळतात.
मग माळ्यावरची त्यांची जुनी गिअरची सायकल काढायला लावली. माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकाबाहेर तिची टिकटिक आली की शिवणाच्या तासाला माझे टाके वाकडे पडत. आता नुसता सांगाडा.
ह्यांचे म्हणणे, गिअर काढायचे. एकच दातेरी चक्र, तेही मागच्या चाकाला पक्के. चाक फिरले की पायडल फिरणारच. मी हाताने चाक फिरवायचे. "पाय विसरलाय. त्याला आठवण द्यायची."
लेक म्हणाली, "आई, तूही बाबांच्या नादी लाग!"

१२ जानेवारी
मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचा उभ्या आहेत. चाक मागे ओढता येत नाही, म्हणून चेन ढिली. खाचा आडव्या हव्यात — म्हणजे पोलादाच्या पट्ट्याच नव्या घडवायच्या.
वेल्डर म्हणाला, "काकू, भंगारात द्या हिला, सुटेल बिचारी." पट्ट्या आणल्यात तर जोडून देईन, म्हणाला. कोण करणार, विचारलं. मी, म्हटलं. तो हसला नाही, ह्याचंच वाईट वाटलं.

१३ जानेवारी
ह्यांनी उजव्या हाताने पुठ्ठ्यावर आकृती काढून दिली. रेघ अजून सरळ येते. पुठ्ठा उशाशी ठेवलाय.

१९ जानेवारी
कानशीने बोटांना फोड आले. पहिली पट्टी वाया. खाच रुंद झाली, आस आत डुलतो.
"भरतकाम नव्हे ते," हे म्हणाले.
"मग तुम्ही करा." तोंडून गेलं. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. जीभ चावली मी, पण फार उशिरा.

२७ जानेवारी
दोन्ही झाल्या. वेडीवाकडी सावत्र जुळी.

२ फेब्रुवारी
वेल्डरने जोडून दिल्या. सायकल स्टँडला आवळली, मागचे चाक अधांतरी. ह्यांना वर बसवताना आम्हा मायलेकींचा घाम निघाला. उजवा पाय स्टुलावर, म्हणजे त्याने लबाडी करू नये. डावा पायडलला बांधला.
मी चाक फिरवलं. पाय वर आला, खाली गेला. ओल्या टॉवेलसारखा.


१० फेब्रुवारी
तसाच.

१७ फेब्रुवारी
चेन सुरेख ताणलेली आहे. चाक डुलत नाही. सगळं नीट चालतं, ज्याच्यासाठी केलं तेवढं सोडून. पूर्वी ही सायकल फाटकाशी थांबली की माझं काळीज धडधडायचं. आता तिच्याकडे पाहवत नाही.
लेक म्हणते, "आई, पुरे. त्यांना उगाच आशेला लावलंस." खरं आहे. उद्या शेवटचं फिरवायचं. ह्यांना सांगितलेलं नाही.

१८ फेब्रुवारी
चाक मध्येच अडलं. चेन अडकली वाटून वाकून पाहिलं — मोकळी. दोन्ही हातांनी ओढलं, हलेना. मान वर केली. उजवा पाय स्टुलावर स्वस्थ. डावा पायडलवर रोवलेला, थरथरत.
"फिरव की," हे म्हणाले. "दम असेल तर फिरव."