चंचलबाचा विमा

भेस्तान, सुरत
मार्च १९९७

आदरणीय दाजी यांना बन्सीलालचा सुरतेहून वाकून नमस्कार.

तुमची आणि ताईची तब्येत ठीक आहे असं धरून चालतो, कारण नसेल तर ते ऐकायची ताकद सध्या माझ्यात नाही. भुसावळला ऊन तापायला लागलं असेल. प्रमिला बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण बरी आहे.

सगळ्याला कारण आमचं इंजिन. इथून जवळच्या सचिन गावातल्या आमच्या डाइंग मिलच्या शेठनी एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचं हे छोटं वाफेचं इंजिन आणलं, कामगार वसाहतीच्या बागेभोवती गोल रूळ टाकले, स्वर्गवासी आईच्या नावानं त्याला चंचलबा म्हटलं आणि मिलच्या बॉयलरवरून उचलून मला त्याच्यावर बसवलं. (आयुष्यात पहिल्यांदा मी पेटवलेली आग कुठेतरी जात होती, दाजी. फिरून तिथेच येत होती, पण जात होती.) दर रविवारी पार कतारगामहून लूमवाल्यांची बायकापोरं यायची. प्लेगच्या वेळी अर्धं शहर पळालं, पण परतल्यावर लोकांनी आधी विचारलं ते चंचलबा चालते का. अशी ही गाडी प्लेगनं मेली नाही, ती आता विम्यानं मरते आहे.

झालं असं की विमा कंपनीत योगेंद्रभाई नावाचे नवे साहेब आले. माणूस सभ्य. इंजिनाभोवती फेरी मारून त्यांनी विचारलं, ‘‘आ शुं छे? बॉयलर, वाहन के चकडोळ?’’ (चकडोळ म्हणजे जत्रेतला पाळणा.) मी म्हणालो, ‘‘साहेब, थोडं थोडं तिन्ही.’’ या एका वाक्यानं घात केला. तिन्हींचा विमा लागला. नवा हप्ता ऐकून शेठ म्हणाले, एवढ्यात आईला जिवंतपणी चारधाम घडलं असतं.

मी अर्ज केला, की गाडी किती सुरक्षित आहे ते एकदा बसून बघा. साहेब आले. मी त्यांना इंजिनात माझ्याशेजारी उभं केलं आणि चंचलबाचा रुबाब दिसावा म्हणून वाफ अंमळ जास्तच चढवली. वळणावर सेफ्टी व्हॉल्व कानठळ्या बसवत उघडला. (तो उघडतो म्हणूनच माणसं वाचतात, हे जन्मभर इंजिन चालवलेल्या तुम्हाला मी काय सांगू.) पण त्या आवाजाची साहेबांना सवय नव्हती. त्यांनी उडी मारली ती थेट मिलच्या रंगाच्या पाण्याच्या नाल्यात. उजवा पाय गुडघ्यापर्यंत राणी कलरचा झाला. आमच्या रंगमास्तरांनी पाय निरखून मोठ्या अभिमानानं सांगितलं, की आपला रंग आहे, धुतल्यानं जाणार नाही. अपघाताची नोंद झाली आणि हप्ता आणखी वाढला.

मग आम्ही आग न पेटवताच गाडी चालवायची ठरवली. वाफ नाही तर विमा कशाचा? बळीराम फिटर आणि मी मागून ढकलू लागलो. आमची दया येऊन प्रवासी एकेक करत उतरले आणि तेही ढकलू लागले. शेवटी डब्यात वसाहतीतल्या म्हाताऱ्या अनुसयाबाई एकट्या उरल्या, गुडघे दुखतात म्हणून, आणि सगळी वसाहत मागून ढकलते आहे. लोक हसत होते. मीही हसलो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, शिट्टी तरी वाजव ना.’’ वाफेवाचून शिट्टी कशी वाजणार? मी तोंडानं वाजवली. बाईंनी मान बागेकडे फिरवली. त्यानंतर मला ढकलवेना, दाजी; मी पुन्हा आग पेटवली.

घरी येऊन डोकं धरून बसलो, तर प्रमिला म्हणाली, ‘‘तुमना इंजिनना विमा शे. मना शे का?’’ तेव्हापासून हा अबोला.

परवा शेठनी बोलावून सांगितलं, ‘‘बन्सीभाई, हवे बंध करो.’’ आईचं नाव आहे म्हणून भंगारात देणार नाहीत. फाटकापाशी चौथऱ्यावर उभी करणार, चकचकीत रंग देऊन, भोवती साखळी लावून. तिला पुसायचं काम मला दिलंय. मी हो म्हणालो. आज सकाळी शेवटची आग विझवली, बॉयलर रिकामा केला. आता मन अगदी शांत आहे. तुम्ही काळजी करू नका आणि या उन्हात इकडे यायची तर मुळीच तसदी घेऊ नका.

तुमचा हरलेला मेहुणा,
बन्सीलाल

ता. क. – योगेंद्रभाई (पाय आता फिकट गुलाबीवर आलाय) म्हणाले, की चालवणारा रेल्वेचा रिटायर ड्रायव्हर असेल तर हप्ता पुष्कळ उतरेल. मी लगेच तुमचं नाव दिलं. सोमवारी ते तुम्हाला बघायला येणार आहेत आणि शेठही तोवर थांबलेत. तेव्हा रविवारच्या पॅसेंजरनं निघा. जुना युनिफॉर्म आणा. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय हे साहेबांपुढे काढू नका, सिग्नल इथे एकही नाही. ताईला सांगा, बन्सीनं हवापालटाला बोलावलंय.

आणखी ता. क. – वर आग विझवली, बॉयलर रिकामा केला असं लिहिलंय, तसंच शेठनाही सांगितलंय. विझवायला गेलो होतो, हात चालला नाही. मंद ठेवली आहे. लवकर या, कोळसा संपत आलाय.