कोमट भिंत

६ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पंधरा दिवस पत्राला उत्तर नाही म्हणून मामींनी मला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. काय करू? फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे मी मामींना सांगायचं, मामींनी तुमच्या कानाशी ओरडायचं आणि तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. त्यापेक्षा कागद बरा.

पत्र लिहायला कारणही तसंच आहे. सार्वजनिक बागांच्या खात्यानं मला पिटुनियाची सहाशे रोपं सांगितली आहेत. २० फेब्रुवारीला द्यायची. रोपं त्यांच्या पसंतीस उतरली तर वर्षभराची सगळी रोपं माझ्याकडूनच घेणार. तसं झालं तर खोक्यांचा कारखाना सुटेल. नऊ वर्षं उभ्यानं पुठ्ठे दुमडतेय मामा, आता जेवतानाही हाताला पुठ्ठ्याचा वास येतो. ही एक संधी आहे आणि ती गेली तर दुसरी कधी येईल सांगता येत नाही.

पिटुनियाचं बी म्हणजे चिमूटभर तपकीर. एक शिंक आली की बाग गेली! माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, ऊन औषधालाही मिळत नाही. म्हणून दोन लोखंडी मांडण्या, बारा ट्यूब, ट्रेखाली तापणाऱ्या दोन चटया आणि थंडीसाठी एक हीटर असा संसार मांडलाय. सगळं एकदम लावलं की दहा मिनिटांत बोर्डातला एमसीबी पडून वीज जाते. मी कामावर असताना पडला तर संध्याकाळपर्यंत अंधार. मग रोपं उजेडाच्या शोधात नुसती लांबतात आणि माना टाकतात.

भाड्याच्या घरात वेगळी लाइन घेता येते का? मालकीणबाई भिंतीपलीकडेच राहतात. भिंत इतकी पातळ की आम्ही तिच्यातूनच गप्पा मारतो. बाई चांगल्या आहेत, पण करारनामा त्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यात भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही असं लिहिलंय. त्यांना विचारायचा मला धीर होत नाही. लवकर कळवा, माझं कशात लक्ष नाही.

मामींना नमस्कार. कृपादृष्टी आहेच, ती ओसरू देऊ नका.

तुमची
खारूताई


१० जानेवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

काम पडलं की मामा आठवतो, हे तुझ्या आईकडून बरोबर उचललंस. असो. उंटावरून शेळ्या हाकायला लावतेस, तर हाकतो.

पहिली गोष्ट, एमसीबी पडतो म्हणजे तो बिघडलेला नाही. घरात तोच एक शहाणा आहे. जुन्या घरातल्या सॉकेटची तार बारीक असते आणि दहा अँपिअरचा एमसीबी त्या तारेची राखण करतो. तुझ्या संसाराची बेरीज मी केली, ती पंधरा अँपिअरच्या वर जाते. एवढं ओझं त्या तारेवर टाकायचं नाही. मुख्य बोर्डापासून रोपांसाठी स्वतंत्र लाइन घ्यायची. सामान असं आण: वीस अँपिअरचा एक एमसीबी. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, खोलीपर्यंत मोजून. भिंतीवरून न्यायची प्लास्टिकची पट्टी, म्हणजे भिंत फोडावी लागत नाही, हे मालकीणबाईंना आवर्जून सांग. तू सारखी पाणी शिंपडणार, म्हणून गळती ओळखून लाइन तोडणारा आरसीसीबी. अर्थिंग आहे की नाही ते तपासून घे. सॉकेट ट्रेच्या वरच्या अंगाला हवेत, पाण्याच्या वाटेत नकोत.

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं, आणि तेही मालकीणबाईंची लेखी परवानगी घेतल्यावर. लहानपणी माझ्या शिडीखाली बसून पेचकस देत होतीस, म्हणून वायरमन झाली नाहीस. बाईंना विचार. फार तर नाही म्हणतील, खाणार नाहीत. तोवर हीटर बंद ठेव.

तुझी मामी म्हणते, जेवणाच्या वेळा सांभाळ. मला ऐकू आलं नाही, तिनं लिहून दिलं.

तुझा
मामा


१८ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही जादूगार आहात! तुमच्या यादीतली पहिलीच वस्तू आणली आणि काम फत्ते. मेन बंद केला, टेस्टरनं दोनदा बघितलं, दहाचा एमसीबी काढून वीसचा बसवला. पेचकस देणारीला तेवढं येतं. त्या दिवसापासून एकदाही पडला नाही. बारा ट्यूब, चटया, हीटर, सगळं एकदम चालतं.

तार आणि बाकीचं सामान नंतर आणीन. बाईंना विचारायला दोनदा दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा भलतंच बोलून परत आले. एकदा रोपं दिली, खात्यानं पसंत केली की ताठ मानेनं विचारीन. आत्ता नाही म्हणाल्या तर मी कुठे जाऊ? सहाशे रोपं डोक्यावर घेऊन घर शोधत फिरणार?

एक गंमत सांगते. मांडणीमागची भिंत हल्ली कोमट लागते. हात ठेवला की बरं वाटतं. भिंतीलगतच्या ट्रेमधलं बी बाकीच्यांच्या दोन दिवस आधी उगवलं. इतकी नाजूक पानं आहेत की श्वास जपून घेते. मी आता सगळे ट्रे आळीपाळीनं भिंतीशी ठेवते. ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नाही.

तरी मनाला स्वस्थता नाही. कारखान्यात असले की वाटतं घरी काहीतरी झालं असेल. काल मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन बघून गेले. सगळं ठीक होतं.

आशीर्वाद असेच घसघशीत येऊ द्यात.

तुमची
खारूताई


२२ जानेवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला मिळेल तोवर तुझे मामा तुझ्याकडे येऊन पोचलेले असतील. तरी लिहितेय, कारण घरात बसवत नाही आणि दोनदा केर काढून झाला.

सकाळी तुझं पत्र आलं. हे उभ्यानंच वाचायला लागले. आधी हसले, मग भिंतीचं वाचलं आणि चेहरा पांढराफटक पडला. मला म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता फोन लाव. तुझा फोन कारखान्यात बंद, ते मला ठाऊक होतं, तरी आठ वेळा लावला. मालकीणबाईंचा नंबर आमच्याकडे नाही. मग त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली. चहा गाळलेला होता, तो तसाच राहिला. जाताना एवढंच म्हणाले की ती ज्याला ऊब म्हणते ती आतली तार जळतेय.

तुझ्यावर रागावतील, ओरडतील. मनाला लावून घेऊ नकोस. एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलेली नाही, ती मी सांगते. काम सोडलं ते वय झालं म्हणून नाही. गिरणीतल्या एका बोर्डात सैल जोड गुणगुणत होता. हाताखालच्या दोघांना ते ऐकू येत होतं, त्यांना वाटलं यांनाही येत असेल. यांना आलं नाही. बोर्ड जळाला. माणसं वाचली, पण दुसऱ्या दिवसापासून यांनी पिशवी माळ्यावर टाकली ती आज काढली.

पोचले की कळव. जिवाला घोर लागलाय.

तुझी
मामी


२९ जानेवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. कंबर धरली आहे, पण ती बसच्या बाकामुळे, तुझ्यामुळे नाही.

त्या दिवशी तुझ्यावर फार ओरडलो. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तरी पश्चात्ताप होतो. दुपारी पोचलो तेव्हा तू कामावर होतीस. तुझा मामा आहे, सहज आलोय, असं सांगून मालकीणबाईंकडून दुसरी किल्ली घेतली. खरं कारण सांगितलं नाही, कारण ते सांगणं तुझं काम होतं. खोलीत शिरून भिंतीला तळवा लावला आणि लगेच एमसीबी खाली केला. भिंत निवायला तासभर लागला. तू आलीस आणि अंधारातली रोपं बघून रडलीस, मला नाही नाही ते बोललीस. कान गेल्यापासून तुम्हाला दुसऱ्याचा उजेड बघवत नाही, हेही म्हणालीस. नेमकं तेवढं स्पष्ट ऐकू आलं. जाऊ दे, मी धरून ठेवलेलं नाही.

चूक माझीही आहे. यादी मी दुकानात सामान मागतात त्या क्रमानं लिहिली, कामाच्या क्रमानं नाही. चाळीस वर्षांची सवय. आधी तार, मग तिच्या जाडीचा राखणदार, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तू बारीक तार तशीच ठेवून नुसता राखणदार बदललास. मोठा राखणदार झोपून राहिला आणि तार तापत गेली. भिंतीतली पेटी उघडली तेव्हा तू पाहिलंसच, जोडावरच्या टेपचा कोळसा झाला होता. आणखी आठ दिवस गेले असते तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

खरं तर तार आणायला दुकानात जाण्याआधी मी ती लाइन बोर्डातून सोडवून ठेवणार होतो. पण तू शब्द दिलास की एमसीबीला हात लावणार नाही. म्हटलं, मुलीवर एवढा तरी विश्वास नको का? आणि परत येऊन बघतो तर तू मालकीणबाईंच्या घरात त्यांच्याजवळ बसलेली, त्यांना सगळं सांगून मोकळी झालेली! कुणी न सांगता, आपण होऊन. मला वाटलं होतं मलाच तुझा हात धरून न्यावं लागेल. बाईंनी परवानगीही तिथल्या तिथे लिहून दिली. तुझ्या मामीला मी हे तीनदा सांगितलं. तुझी आई आज असती तर तिलाही सांगितलं असतं. शाबास पोरी. रोपं गेली तरी चालतील, माणूस कळला.

परवानावाल्यानं लाइन नीट टाकली आहे, मी स्वतः उभा होतो. तरी आठवड्यातून एकदा आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबून बघ. मामीचे आशीर्वाद.

तुझा
मामा


३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पाच वेळा वाचलं. शाबास पोरी या शब्दांपाशी आलं की पुढे जाता येत नाही. कालपासून घास गोड लागत नाही, म्हणून आता जे आहे ते लिहून टाकते.

नवी लाइन झकास चालते आहे. चार दिवस गारठ्यात आणि अंधारात काढल्यामुळे दोनशेच्या आसपास रोपं गेली. उरलेली सावरली आहेत. खात्याला खरं काय ते कळवलं, निर्णय अजून आलेला नाही. येईल तो येईल.

मामा, तुम्ही दुकानात गेलात आणि मी एमसीबी वर केला. जिना उतरताना तुमच्या पावलांचा आवाज येत होता, तेवढाही दम मला निघाला नाही. मनाशी म्हटलं, एका तासानं काय होतंय? इतके दिवस काही झालं नाही. हीटर लावला, दिवे लावले, रोपांवरून हात फिरवला. शब्द देऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

अर्ध्या तासानं मालकीणबाईंनी नेहमीसारखी भिंतीवर टकटक केली. खूप खुशीत होत्या. पलीकडून सांगू लागल्या की आज दुपारी ऊब गेली होती, ती आता परत आली. पाठदुखीनं त्यांना झोप लागत नव्हती, म्हणून आठवड्यापूर्वी त्यांनी पलंग त्या भिंतीला लावून घेतला होता. भिंतीला पाठ टेकली की फार आराम पडतो, आजही टेकूनच बसलेय, असं म्हणाल्या. ही ऊब कुठून येते देव जाणे, पण असू दे बाई, असंही म्हणाल्या.

मी लगेच एमसीबी खाली केला असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच लिहायचं होतं. पण तसं झालं नाही. मी आधी रोपांकडे पाहिलं. किती वेळ ते ठाऊक नाही, पण पाहिलं. भिंतीपलीकडे त्या बोलत होत्या आणि मी इकडे सहाशे रोपं मोजत होते. मग बंद केला.

त्यानंतर त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा लावल्याचंही सांगितलं. मग आम्ही दोघींनी मिळून पलंग भिंतीपासून ओढला. त्यांनी एवढंच म्हटलं की मामा येईपर्यंत माझ्याजवळ बस, मला एकटीला भीती वाटते. तुम्हाला हे कळू द्यायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं, तुमचं मन मोडेल म्हणून. परवानगीच्या कागदावर सही करतानाही त्यांनी त्या भिंतीकडे पाठ केली नाही.

तुम्हाला मी जे बोलले त्याची क्षमा मागायचं तोंड मला नाही. तुम्हाला तो बोर्ड ऐकू आला नव्हता. मला सगळं ऐकू येत होतं.

मामींनाही हे वाचून दाखवा, त्यांना चौथ्यांदा खोटं सांगू नका. शाबासकी तेवढी परत घ्या. माया राहू दिलीत तर उपकार होतील.

तुमची
खारूताई