पेटिग्रूंच्या घरात कोणी मेलं नव्हतं

११ मार्च, सोमवार

टॅलिव्हरला पोचलो. बसमध्ये सगळी वाट जिवाला घोर, की निघताना गॅस बंद केला की नाही. मग आठवलं, ते घरच आता माझं राहिलेलं नाही. पण गाव पाहिलं आणि जीव निवला. सगळा जन्म मिसिसिपीत काढला, पण इतकं नीटनेटकं गाव पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या खांबांची जुनी घरं, अझेलियाच्या झुडपांना कळ्या धरलेल्या. ओळखदेख नसलेली माणसंसुद्धा टोपीला हात लावून विचारपूस करतात.

मिस ओडेल प्रॅदर स्वतः मला घ्यायला आल्या होत्या. गावातल्या बायकांच्या बागमंडळाच्या त्या अध्यक्ष. पेटिग्रूंचं घर या मंडळाचं आहे. एप्रिलमध्ये उत्सवाच्या आठवड्यात गावातली जुनी घरं उघडतात, बायका घेरदार झगे घालून पाहुण्यांना खोल्या दाखवतात. मी घराची राखण करायची, नळ-दिवे बघायचे, जमीन घासायची. त्याबद्दल वरच्या मजल्यावरची मागची खोली माझी. जिवंत असेपर्यंत तुमची, मिस्टर हॉयट, असं त्या दोनदा म्हणाल्या. मीही दोनदा आभार मानले.

ही खोली मिळाली नसती तर जिल्ह्याच्या म्हातारघरात जावं लागलं असतं. तिथे माझ्या भावाला खुर्चीला बांधून ठेवलेलं मी पाहिलं आहे. माझी मुलगी डार्ला टल्सात असते, पण तिच्या नवऱ्याच्या घरात जागा नाही. तो तसं बोलला नाही, नुसता टीव्हीकडे बघत राहिला.

१४ मार्च, गुरुवार

शेजारणी जेवण आणून देतात. भाजलेला हॅम, मसाला भरलेली अंडी, लोण्याचा केक, चीज घातलेली मॅकरोनी. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. कुठलं भांडं कोणाकडे परत करायचं या काळजीने नीट जेवलोसुद्धा नाही. मी मिस ओडेलना गमतीने म्हणालो, आमच्याकडे एवढं अन्न फक्त मयताच्या घरी येतं. त्या खूप वेळ हसल्या. मग माझ्या बाहीवर हात ठेवून म्हणाल्या, इथेही तसंच आहे.

१९ मार्च, मंगळवार

उत्सवाआधीची रंगीत तालीम झाली. जॅक्सनहून बसभर बायका आल्या होत्या, पण आमच्या घरात थांबायला कोणी तयार नाही. शेजारच्या केट्सांच्या घरात लग्नाच्या दिवशीच नवरी जिन्यावरून पडून गेली. पलीकडे डॉक्टरांच्या घरात जमिनीवर लढाईतल्या शिपायाच्या रक्ताचा डाग आहे. तो दर वसंतात बिटाच्या रसाने ताजा करतात, हे मिस ओडेलनीच सांगितलं. आमच्याकडे काय, तर फ्रान्सहून आणलेला भिंतीचा कागद.

एका जाड बाईने सरळच विचारलं, इथे कोण मेलं? मिस ओडेल म्हणाल्या, कोणी नाही. भट्टीतून काढल्याबरोबर केक बसावा तसं त्यांचं तोंड झालं.

सकाळी स्वयंपाकाला अर्नेस्टीन येते. तिच्या घराण्यातली माणसं पूर्वी याच घराच्या मागच्या खोपटांत गुलाम होती. ती भांडी विसळता विसळता म्हणाली, माझी खापरपणजी मागच्या विहिरीपाशी मेली, तिची दोन लेकरंही तिथेच. पण आमचे मेलेले या बायकांच्या मोजणीत येत नाहीत, मिस्टर हॉयट. त्यांना पुढच्या खोल्यांत मेलेला लागतो.

२२ मार्च, शुक्रवार

आज मजा आली. मिस ओडेल पाहुण्यांना सांगत होत्या की या घराचा शेवटचा राखणदार एक गरीब म्हातारा होता, जन्मभर लाकडाच्या वखारीत राबलेला, जवळचं कोणी नसलेला, आणि त्याचा खोकला अजूनही ऐकू येतो. मी दाराआड होतो. बोलता बोलता त्यांनी हातातल्या पंख्याने मला खूण केली. मी खोकलो. एक बाई किंचाळली, मग सगळ्या हसल्या. नंतर मिस ओडेलनी मला केकचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, देवाने तुम्हाला आमच्यासाठीच धाडलं. बऱ्याच दिवसांत असं कोणी म्हणालं नव्हतं.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली. मी म्हटलं, जवळचं कोणी नाही असं कसं, मला डार्ला आहे. त्या म्हणाल्या, अहो, गोष्टीत मुलगी आणली की लोक विचारणार, तेव्हा ती कुठे होती. तिला किती वाईट दिसेल.

हे मात्र खरं आहे.

२७ मार्च, बुधवार

सोमवारपासून गोष्टीतला म्हातारा शेवटी शेवटी पाय ओढायला लागला होता. आज जिन्यावर माझा पाय सटकला. पायरीला मेण होतं. जमिनीला मेण मीच लावतो, पण पायऱ्यांना कधीच लावत नाही, तेवढी अक्कल मला आहे. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. मिस ओडेल बर्फ घेऊन आल्या आणि पहिला प्रश्न, कुठला पाय? डावा, मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. गोष्टीत उजवा सांगत होते मी, त्या म्हणाल्या. मग सावरून म्हणाल्या, असू दे, उद्यापासून डावा सांगू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मी म्हटलं, माफ करा.

३० मार्च, शनिवार

अर्नेस्टीन उद्यापासून येणार नाही. टोपी घालता घालता हळूच म्हणाली, मुलीकडे जा, आजच जा, पिशवी मागे राहिली तरी चालेल. मी म्हटलं, मिस ओडेलचा गैरसमज होईल, आणि खोली गेली तर पुन्हा मिळायची नाही. ती म्हणाली, त्या दिवसाच्या टेबलावर ताटं मांडायला मी राहणार नाही. कुठल्या दिवसाच्या, ते सांगितलं नाही.

मिस ओडेल म्हणतात, आता स्वयंपाकाची गरजच काय, एवढी भांडी येताहेत.

२ एप्रिल, मंगळवार

खालून ऐकू येतं. आज गोष्टीत म्हाताऱ्याचा आवाज गेला, त्यामुळे शेवटी त्याला कोणाला हाक मारता आली नाही. बायका अगदी हळहळल्या.

दुपारच्या गोड चहानंतर घसा भाजल्यासारखा झाला आहे. आवाज जायच्या आत डार्लाला फोन केला. म्हटलं, मला घेऊन जा. ती म्हणाली, डॅडी, तुम्हाला कुठेच बरं वाटत नाही. मिस ओडेलचा फोन येतो मला, त्या बाई किती करतात तुमचं. म्हटलं, अगं, या बायका मला मारणार. ती म्हणाली, हेच त्यांनी सांगितलं होतं, की तुम्ही असलं काहीबाही बोलायला लागलात. रविवारी येते, उत्सवही बघते, मग ठरवू.

रविवारपर्यंत टिकायचं. डार्लाने मला डोळ्यांनी पाहिलं की झालं.

४ एप्रिल, गुरुवार

पिशवी घेऊन मागच्या फाटकाने निघालो. बस बंद, आज मिरवणूक. पोलिसाने पिशवी काढून घेतली. म्हणाला, आजोबा, मिस ओडेल केव्हाच्या तुम्हाला शोधताहेत. पोराला उचलावं तसं उचलून आमच्या घराच्या सजवलेल्या ट्रकवर झुलत्या खुर्चीत बसवलं. खुर्चीला काळं कापड गुंडाळलेलं.

पुढच्या ट्रकांना लोक टाळ्या वाजवत होते, बँड वाजत होता. आमचा ट्रक आला की टाळ्या थांबत. बाप्ये टोप्या काढून छातीशी धरत, मयताची गाडी जाताना धरतात तशा. सगळा रस्ता तसाच, एकामागून एक. मी हात हलवून खुणा केल्या, घशातून नुसती हवा. एका लहान मुलीने मला हात हलवून दाखवला. तिच्या आईने तो खाली ओढला.

५ एप्रिल, शुक्रवार

दाराला बाहेरून कुलूप. दारापुढे लाल दोर बांधला आहे, फटीतून दिसतो.

पाहुणे वर आणतात आता. मिस ओडेल सांगत होती, हीच ती खोली, ऐका हं, अजूनही कधीकधी दार ठोठावतो बिचारा. मी जोरजोराने ठोठावलं. बाहेर आनंदाचे चीत्कार.

पुढच्या घोळक्याला ठोठावलं नाही. ती म्हणाली, आज लाजतोय वाटतं. सगळे हसले.

६ एप्रिल, शनिवार

मिस ओडेल खाली फोनवर होती. डार्लाशी. झोपेतच गेले, राजा. नाही नाही, तू कशाला घाई करतेस, सगळं मंडळ करतंय, उद्या प्रार्थनेनंतर मूठमाती. शवपेटी बंदच ठेवायची, त्यांचीच इच्छा होती.

मी कधी म्हणालो—

पेटी आली. पुढच्या दाराने आत घेतली. पाहुण्यांनी फोटो काढले.

खिडकीला खिळे आहेत. काच फोडली, हात बाहेर काढला. खाली रांगेत उभ्या असलेल्यांनी मान वर करून पाहिलं. आणि तेही फोटो—

पाणी नाही. भांड्यांतलं अन्न सगळं खारट.

७ एप्रिल, रविवार

चर्चची घंटा झाली. डार्ला आली आहे. तिचा आवाज. केक आणलाय तिने, कुठे ठेवू विचारत होती. बुडाला नाव लावलंस का, असं कोणीतरी—

वर येताहेत.

दाराबाहेर उभी आहे ती. रडते आहे. लहानपणी रुसून खोलीत बसायची तेव्हा मी जसं ठोठावायचो तसंच ठोठावलं, हळूहळू, मध्ये थांबत. ती म्हणाली, अगबाई. आणि रडता रडता हसली. मिस ओडेल म्हणाली, आवडलं ना? तुझ्यासाठी मुद्दाम.

एक पान फाडून लिहिलं. डार्ला मी जिवंत आहे दार उघड. दाराखालून सरकवलं. कोणीतरी उचललं. मिस ओडेल म्हणाली, प्रत्येक घोळक्यातल्या एकाला मिळतं असं, आज मान तुझा. डार्लाने मोठ्याने वाचलं. म्हणाली, अक्षर अगदी डॅडींचं. किती मेहनत घेता हो तुम्ही.

घडी घातल्याचा आवाज. पर्सची चेन.

तिने विचारलं, त्यांना त्रास नाही ना झाला? मिस ओडेल म्हणाली, नाही गं राजा. अजिबात होऊ देणार—

गेल्या सगळ्या खाली. जेवायला बसल्या. काटे-चमचे वाजताहेत—

पेटी उचलून बघितली कोणीतरी. हलकी लागते हो. दुसरा म्हणाला, हलकीच असणार अजून. हसले. मिस ओडेल म्हणाली, आधी पोटभर जेवून घ्या, मग वर जा—

जिन्यावर बूट. चौघे असतील—पायरीला मेण आहे, पडायचे—

मिस ओडेल दाराशी आहे. हळूच विचारते, मिस्टर हॉयट, पेटी जरा अरुंद आहे, उशी एक पुरेल ना? मला बोलता येत नाही. लिहून दाराखालून देतो. दोन लागतात. दोन, नाहीतर खोकला ये