दिवस मावळायच्या आत

चि. वृषभ,
पुण्यापर्यंत पुरतील तेवढे आशीर्वाद.

मी पुण्याला राहायला यावं म्हणून माझ्या नावानं तू टाइप केलेला राजीनामा मिळाला. वर तुझा प्रश्न, "आक्का, बेळगावात काय ठेवलंय गं?"

आधी पूर्वपक्ष, म्हणजे तुझी बाजू, मांडते. इथं दर जूनला कॉलेजची पोरं लोंढ्यानं येतात, आपल्या दारात दुचाक्या लावतात आणि शिकली की तुझ्यासारखी पळतात.

पण पाचला माझा संस्कृतचा तास सुटतो आणि आपल्या जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत मी खासबागेत घरी जेवलेली असते. तुझ्याकडे चार दिवस राहिले, तर तीनदा वाहतुकीतच सूर्य बुडाला आणि मी उपाशी झोपले. "आता कोण पाळतंय?" म्हणालास. मी पाळते.

सही करणार नाही. हे पत्रही टाकत नाही. रविवारी येशील तेव्हा तोंडावरच सांगेन. जेवायला सहाच्या आत पोच. सूर्य माझ्या भावासाठीसुद्धा थांबत नाही.

अजून नोकरीत असलेली,
कमलाक्का